कट्टीच न झालेलं बालपण
‘माझ्यात काहीतरी कायमचं राहून गेलंय का?’ चार मुलांत न वाढलेली मोठी माणसं हा प्रश्न मला फार वेळा विचारतात. त्यातल्या एकीची ही गोष्ट, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून.

वय 34. आई-वडिलांनी तिला जगापासून दूर, आडरानातल्या घरात वाढवलं. शाळा नाही, शेजार नाही. पुस्तकं मात्र भरपूर. पुढे शिकली, चांगली नोकरी लागली, पण मैत्री टिकेना. पहिल्या भेटीत समोर खुर्ची असूनही मी ‘बसा’ म्हणेपर्यंत ती उभीच होती.

प्रत्येक मैत्री तुटली तेव्हा नेमकं काय झालं, एवढंच मी खोदून विचारत राहिले. दर वेळी तेच. किरकोळ खटका उडायचा आणि ही त्या दिवसापासून बोलणं बंद करायची. रागानं नाही. तिला वाटायचं, संपलं आता. नंतर आलेले फोनही निव्वळ सभ्यपणाचे, असा तिचा समज.

‘लहानपणी कुणाशी कट्टी केली होतीत?’ मी विचारलं.

तिला तो शब्द फक्त पुस्तकातून माहीत होता.

सकाळी कट्टी, संध्याकाळी पुन्हा गळ्यात गळा. मुलं हे शेकडो वेळा करतात, आणि भांडणानंतरही नातं उरतं हे त्यातूनच अंगात मुरतं. तिचा हा सरावच राहिला होता. ती मात्र इतकी वर्षं स्वभावाला दोष देत आली, याचं मला फार वाईट वाटलं. (घरात मारहाण किंवा उपेक्षा झाली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आधी त्या जखमेवर काम करावं लागतं.)

हा सराव मोठेपणी होतो? होतो. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला हॅरी हार्लो आणि स्टीफन सुओमी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सहा महिने एकटी ठेवलेली माकडाची पिल्लं त्यांच्याहून लहान, तीन महिन्यांच्या पिल्लांसोबत सोडली. त्यांना एकटं ठेवणं क्रूरच होतं. पण ही लहानगी अंगावर धावून न जाता त्यांना बिलगली, आणि काही महिन्यांत ती एकटी वाढलेली पिल्लं बरीचशी इतरांसारखी खेळू लागली. माणूस म्हणजे माकड नव्हे. तरी लहानांच्या सोबतीत धास्ती कमी होते, हे मीही पाहिलंय.

ती दर रविवारी मुलांना चित्रकला शिकवू लागली. एकदा आली ती रडवेली होऊन. निळा रंग दुसऱ्याला दिला म्हणून सात वर्षांच्या एका मुलीनं तिच्याशी कट्टी केली होती. पुढच्या रविवारी तीच मुलगी काही घडलंच नाही अशी शेजारी येऊन उभी राहिली.

‘मग तुम्ही काय केलंत?’

‘सरकून जागा दिली.’