नागपूरच्या महालातल्या वाड्यातला रुमाल सोडण्याआधी

अरे, घाई करू नको. आजोबांच्या पेटीतला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या मोडी कागदांचा गठ्ठा, सोडण्याआधी त्याचा बांधलेला फोटो काढ. कोणता कागद कोणाच्या पोटात होता, हेही पुढे पुरावा ठरतं. मी पहिल्यांदा सगळे कागद 'नीट' तारखेवार लावले आणि एका जमिनीच्या वादाची साखळी कायमची तोडून बसलो.

मोडी लिपीतल्या कागदांची शाई बहुतेक काजळीची. उन्हाने ती सहसा उडत नाही, पण ओल्या बोटाने पुसली जाते. त्यामुळे थुंकी लावून पान उलटायचं नाही, काकांनाही उलटू द्यायचं नाही! सेलोटेप, लॅमिनेशन बिलकुल नको. गंजलेल्या टाचण्या मात्र अलगद काढ.

खरी गंमत तारखेत आहे. 'अर्बा अशर मयातैन व अलफ' वाचून घाबरू नको. हे अरबी आकडे: चार, दहा, दोनशे, हजार. म्हणजे सुहूर सन (मराठी दप्तरातली जुनी कालगणना) 1214. त्यात 599 मिळव, इसवी 1813 येतं. वर्ष जूनमधल्या मृगापासून सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला 600. फसली (महसुली) सन असेल तर 590 किंवा 591, शकाला 78 किंवा 79. नागपूरकर भोसल्यांचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं, तरी मोडी थांबली नाही. इंग्रजी अंमलातल्या खरेदीखतांतही ती भेटेल.

आणि घराणं नागपूरचं भोसले राज्य उभारणाऱ्या 'रघूजीराजांबरोबर आलं' असं घरचे सांगतात ना, ते वंशावळीत लगेच लिहू नको. आमच्याकडेही सांगायचे. सर्वांत जुना कागद निघाला किराणा उधारीचा.