फांडी अहमद हॉलंडला गेला, मग आमचा का नाही?

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिकचे, गेली अकरा वर्षं सिंगापूरला आहोत. आम्ही तिघेही पीआर (कायमचे रहिवासी) आहोत, पासपोर्ट भारतीय. मुलगा साडेचौदा वर्षांचा, सेकंडरी थ्रीत (आपली नववी) आहे. शाळेच्या फुटबॉल संघात स्ट्रायकर म्हणून खेळतो. एका एजंटने स्पेनमधल्या अकॅडमीत दोन वर्षं ठेवायचं सुचवलंय, खर्च आमचा. त्याचे बाबा म्हणतात, सिंगापूरचा फुटबॉलपटू फांडी अहमद इथूनच हॉलंडला गेला होता. मला मात्र मुलाच्या शिक्षणाची आणि एनएसची (इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेची) काळजी वाटते. काय करावं? — एक आई

उत्तर :

सप्रेम नमस्कार ताई,

मुलाच्या बाबांनी फांडीचं नाव काढलं ते बरंच केलं. त्याची कारकीर्द नीट पाहिली, तर तुमच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तिच्यात सापडतात. सगळी त्यांना आवडतील असं नाही.

फांडीचा जन्म १९६२ चा. तेव्हा सिंगापूरचा संघही मलेशिया कपात खेळायचा. १९८० च्या त्याच्या अंतिम सामन्यात मलेशियातल्या सेलांगोरविरुद्ध विजयी गोल फांडीचा होता, तेव्हा त्याने विशीही गाठलेली नव्हती. १९८२ मध्ये हॉलंडच्या आयाक्स क्लबने ट्रायल घेऊन त्याला तीन वर्षांचा करार देऊ केला. त्याने तो घेतला नाही. तो इंडोनेशियात सुराबायाच्या ‘निआक मित्रा’ या क्लबकडे गेला. आयाक्स सोडून सुराबाया! आज वाचताना आपण कपाळाला हात लावतो. पण तिथे तो खेळला, गोल केले, आणि मग इंडोनेशियाच्या लीगने परदेशी खेळाडूंना बंदी घातल्यामुळे त्याला निघावं लागलं. १९८३ मध्ये तो हॉलंडच्या ग्रोनिंगेनला पोहोचला आणि त्याच ऑक्टोबरात यूएफा कपात इंटर मिलानविरुद्धच्या २-० विजयात एक गोल त्याचा होता. सिंगापूरात लोक अजून सांगतात तो गोल हाच.

लोक सांगत नाहीत ते पुढचं. ग्रोनिंगेनला तो दोनच हंगाम होता, त्यातही दुखापती होत्या. त्याची खरी कमाई, नाव आणि चषक घराजवळचे आहेत. मलेशियातल्या क्वालालंपूरकडून १९८७, ८८ आणि ८९ असे सलग तीन मलेशिया कप, मग पहांगकडून लीग आणि कप, आणि १९९४ मध्ये कर्णधार म्हणून सिंगापूरसाठी पुन्हा दोन्ही. सिंगापूरची स्वतःची व्यावसायिक लीग सुरू झाली १९९६ मध्ये, म्हणजे त्याची तिशी उलटल्यावर. साठ लाखांच्या आसपास वस्तीच्या या देशातल्या गुणी खेळाडूला शेजारच्या देशात जावंच लागतं, आणि तिथे पोट भरतं.

पुढच्या पिढीतही तेच. फांडीचा मुलगा इखसान एनएस पूर्ण करून २०१९ मध्ये नॉर्वेच्या दुसऱ्या श्रेणीतल्या राउफॉसला गेला, तिथून येर्व्हला, आणि २०२२ मध्ये थायलंडच्या बीजी पथुम युनायटेडकडे. त्याचा धाकटा भाऊ इल्हान बेल्जियमच्या डाइन्झेत गेला, तर डिसेंबर २०२४ मध्ये तो क्लबच दिवाळखोरीत निघाला. म्हणून त्याचं काही बिघडलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये हाँगकाँगला २-१ हरवून सिंगापूर प्रथमच स्वबळावर आशिया कपसाठी पात्र ठरलं, त्यात विजयी गोल त्याचाच. (त्याच्या महिनाभर आधी याच संघाने मडगावात भारताला २-१ हरवलं होतं. तुमच्या घरी त्या रात्री कुणी कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवल्या, हे विचारत नाही.)

आता स्पेन. ताई, इथे मी स्पष्टच लिहितो. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात क्लबकडे नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत. उदाहरणार्थ, आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले तर. सोळा वर्षांनंतरची सवलत युरोपीय संघाच्या आतल्या बदल्यांना आहे, तुम्हाला नाही. म्हणजे फी भरून मुलगा तिथे सराव करेल, पण नोंदणीकृत स्पर्धेत सहसा उतरू शकणार नाही. स्ट्रायकरला दोन वर्षं सामन्यांविना ठेवायचे पैसे कशाला द्यायचे? एजंटला फिफाचा परवाना दाखवायला सांगा. २०२३ पासून तो सक्तीचा आहे.

एक अपवाद मात्र तुमच्या दारात आहे. खेळाडू सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत राहत असेल आणि शेजारच्या देशातला क्लबही सीमेपासून तितक्याच आत असेल, तर दोन्ही देशांच्या महासंघांच्या संमतीने घरी राहून तिथे खेळता येतं. सीमेपलीकडचं मलेशियातलं जोहोर बारू या हिशेबात बसतं. कॉजवेवरची (तिकडे जाणाऱ्या पुलावरची) रोजची रांग शाळा सांभाळून झेपेल असं मला वाटत नाही, पण वाट कायद्याने बंद नाही एवढं माहीत असू द्या.

एनएसबद्दल तुमची काळजी रास्त आहे. आई-वडिलांमार्फत पीआर झालेल्या मुलाला एनएस लागू आहे. साडेसोळाला नोंदणी, अठराच्या सुमारास भरती, दोन वर्षं पूर्णवेळ. तेराव्या वर्षापासून तीन महिने किंवा अधिक काळ परदेशी राहायचं तर एक्झिट परमिट लागतं. दोन वर्षांच्या मुक्कामाला वर हमीचा बॉण्ड लागतो, आणि त्याची रक्कम किमान ७५,००० सिंगापूर डॉलर किंवा तुम्हा दोघांच्या वार्षिक उत्पन्नाच्या निम्मी, यांतली जी जास्त ती. एजंटने हे सांगितलं होतं का? खेळासाठी एनएस पुढे ढकलून मिळणं अगदी विरळ. जलतरणपटू जोसेफ स्कूलिंगला ते मिळालं आणि त्याने २०१६ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण आणलं. फुटबॉलपटू बेन डेव्हिसने इंग्लंडच्या फुलहॅमशी करार केला होता, तरी २०१८ मध्ये त्याचा अर्ज फेटाळला गेला. तो पुढे थायलंडकडून खेळला. पीआर सोडून एनएस टाळलं, तर पुढे सिंगापूरात शिक्षणाला किंवा नोकरीला यायचा अर्ज करताना ते आड येतं.

यातच पासपोर्टचा प्रश्न दडलाय आणि तो तुम्ही पत्रात विचारलेला नाही. सिंगापूरच्या राष्ट्रीय संघात, अगदी वयोगटाच्या संघातही, नागरिकच खेळतात. नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट जातो, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारताकडून खेळता येत नाही. हा निर्णय एका गोलच्या उत्साहात घ्यायचा नाही. घरात तिघांनी बसून बोला, आणि मुलाचं मत शेवटी विचारू नका, आधी विचारा.

माझा सल्ला असा. स्पेन सोडा. सेकंडरीची शेवटची परीक्षा होऊ द्या, मग पॉलिटेक्निकचा पूर्णवेळ डिप्लोमा किंवा ए लेव्हल (आपली बारावी). त्या शिक्षणासाठी एनएस पुढे जातं. दरम्यान इथल्याच एखाद्या क्लबच्या वयोगट संघाची निवड चाचणी त्याला देऊ द्या. इथलाच लायन सिटी सेलर्स हा क्लब मे २०२५ मध्ये आशियाच्या चॅम्पियन्स लीग टूच्या अंतिम फेरीपर्यंत गेला होता, त्यामुळे इथल्या क्लब फुटबॉलला कमी लेखू नका. डिप्लोमा स्पोर्ट सायन्स किंवा फिजिओशी जवळचा असला तर उत्तम, पण त्याला अकाउंटिंग आवडत असेल तर तेच घ्या. एनएस संपेपर्यंत तो एकवीस-बाविसाचा होईल. तेव्हा थायलंड, मलेशिया आणि जमलं तर युरोप, असा क्रम धरा. इखसानही एनएसनंतरच नॉर्वेला गेला होता.

या महिन्यात दोन कामं करा. सीएमपीबीला (एनएसची भरती पाहणाऱ्या कार्यालयाला) मुलाची स्थिती लेखी विचारा, कारण नियम बदलतात आणि माझ्यापेक्षा त्यांचं उत्तर ग्राह्य. आणि त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकाला एकटं गाठून विचारा, की त्याच्या वयाच्या, त्यांनी पाहिलेल्या मुलांत हा कुठे बसतो. ते काय म्हणाले ते मला जरूर कळवा, मग विषयांच्या निवडीबद्दल सविस्तर लिहितो.