ऑनलाइन बायबल कोर्स करून विश्वासात खरंच वाढ होते का? सुरुवात कुठून करू?

होते, पण नुसते व्हिडिओ बघून नाही. मी स्वतः तीन कोर्स अर्धवट सोडलेत, चौथा पूर्ण झाला तो फक्त ग्रुपमुळे, दर बुधवारी रात्री नऊला सहा-सात जण कॉलवर यायचे आणि न वाचता गेलं की लाज वाटायची 😄

नवीन असाल तर उत्पत्तीपासून, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून सुरू करू नका, लेवीय या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचता पोचता बहुतेकांचा दम संपतो. मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची कथा, घ्या, 16च अध्याय आहेत, रोज एक वाचला तरी अडीच आठवड्यात होतं. मग फिलिप्पैकरांस पत्र, ते तर 4च अध्यायांचं. यूव्हर्जन ॲपवर मराठी बायबल फुकट आहे, वाचायचे प्लॅन पण मिळतात. भाषा जुनी वाटली तर दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचा, अर्थ पटकन लागतो.

कोर्स कोण चालवतंय ते आधी बघा हं. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं, प्रोटेस्टंटमध्ये 66, त्यामुळे शिकवण्यातही फरक पडतो. आणि सर्टिफिकेटसाठी मोठी फी मागत असतील किंवा प्रश्न विचारलेला चालत नसेल, तर सरळ बाहेर पडा.

अडलेले प्रश्न वहीत लिहून रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकांना (पास्टरना) विचारा, माझ्या निम्म्या शंका तिथे चहा पिताना सुटल्या.