रिपोर्ट नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही

ताई, तुम्ही विचारलंय की व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार) शांत आहे असं डॉक्टर म्हणतात, रिपोर्टही चांगले आहेत, मग दुपारपर्यंत मी गळून का जाते? घरचे म्हणतात, मनाचे खेळ.

मनाचे खेळ नाहीत हो. मला जीपीए (व्हॅस्क्युलायटिसचाच एक प्रकार, पूर्वी वेगेनर म्हणायचे तोच) होऊन नऊ वर्षं झाली. क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी), लघवी सगळं ठीक असतानाही मी जिन्यात मध्येच बसलेलो आहे.

डॉक्टर मोजतात ते एक, आपण भोगतो ते दुसरं. ते 'बर्मिंगहॅम स्कोअर' नावाचा तक्ता भरतात. रक्तवाहिन्यांची सूज आत्ता कुठे चालू आहे, एवढंच त्यात पकडायचं असतं. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत ताप आहे, सांधेदुखी आहे, वजन घटणं आहे; थकवा नाहीच! म्हणून तर जीपीएसारख्या व्हॅस्क्युलायटिसच्या पेशंटने स्वतः भरायची 'एएव्ही-प्रो' प्रश्नावली निघाली. मागच्या ४ आठवड्यांबद्दल २९ प्रश्न. त्यात औषधांचे त्रास आहेत आणि भविष्याच्या काळजीचा तर वेगळा गटच आहे. तो पाहून मला बरं वाटलं होतं, कारण साधी सर्दी झाली तरी माझ्या पोटात गोळा येतो.

नुसतं "थकवा आहे" सांगून काही होत नाही. मी तीन वर्षं सांगितलं, डॉक्टर मान डोलवायचे. मग वही केली. एक नोंद: "सोमवार. अडीचला जाग, नंतर झोप नाही. चादर पिळताना दोनदा बसलो. नाकात खपल्या, रक्त नाही." दोन महिन्यांची पानं चाळून डॉक्टरांनी विचारलं, प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) कधी घेता? मी रात्री घेत होतो! सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला लागल्यावर झोप लागू लागली. थकवा गेला नाही, पण निम्म्यावर आला.

तुम्ही हिमोग्लोबिन, थायरॉइडही विचारून घ्या. उदास वाटत असेल तर तेही सांगा. स्टिरॉइड मात्र मनाने बंद करू नका, अंगावर येतं.

थुंकीत रक्त, लालसर किंवा चहासारखी लघवी, पाऊल अचानक लुळं पडणं, यातलं काही दिसलं तर वही बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना गाठा.

घरच्यांना मी समजावत बसलो नाही. वही टेबलावर उघडी असायची. बायकोने कधीतरी वाचली असावी, कारण पुढच्या सोमवारी चादरी आधीच दोरीवर होत्या.