निर्वासित कुटुंब स्टेशनवर अडकलं तर?

प्रश्न : प्रवासातल्या एखाद्या निर्वासित कुटुंबाला लोहमार्ग पोलिसांनी ताब्यात घेतलं, तर आमच्यासारख्यांनी काय करावं? – एक वाचक, नांदेड

उत्तर : आधी १५१०० लावा, ही मोफत विधी सेवेची हेल्पलाइन. कोठडीतल्या माणसाला, तसंच बायका-मुलांना, उत्पन्न न बघता वकील मिळतो. अटक झाली असेल तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं, म्हणून अटकेची वेळ टिपून ठेवा. मुलं आईबापांपासून तुटली तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेचं, कार्ड असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून त्यांच्या दिल्ली कार्यालयाला कळवा. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कार्ड म्हणजे इथे राहण्याचा परवाना नव्हे. पण वकिलाला धरायला तोच पहिला धागा. खरा घोळ होतो जबाबात. कार्डावर ‘नूर’, कागदावर ‘नूरी’, वर मजकूर मराठीत. सही करणाऱ्याला त्यातलं अक्षर कळत नाही. दुभाष्याशिवाय सही नको. कार्ड जप्त झालं तर पंचनाम्यात नंबर आलाय का, बघा.

परत पाठवणीचा आदेश निघाला तर मुंबई उच्च न्यायालयाच्या संभाजीनगर खंडपीठात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली याचिका करता येते. आदेशाची प्रत आधीच मागून घ्या. आणि कळवळ्यापोटी खोटा पत्ता किंवा आधार कार्ड मात्र करून देऊ नका. त्यांच्यासोबत तुम्हीही आत जाल.