सामाजिक संस्थेसाठी सरकारी ऑफिसात पाठपुरावा करायला निघालायस तर

हे बघ, चार पानी निवेदन लिहू नकोस, कोणी वाचत नाही. एकच पान, आणि मागणी पहिल्या 2 ओळीतच, 'सहकार्य करावे' असलं मोघम नको, नेमकं लिही, म्हणजे मंजूर अनुदानाचा हप्ता वेळेवर द्या, कारण पैसे अडकले की पगार थांबतात, चांगली माणसं सोडून जातात आणि मग सेवाच बंद पडते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नुसते कामाचे फोटो दाखवत बसलो, साहेबांनी सगळे बघितले, गोड हसले आणि म्हणाले, "बरं, मग मी काय करू?" माझ्याकडे उत्तरच नव्हतं!

भाडं, हिशेब, स्टाफचा पगार याला फालतू खर्च म्हणणारे भेटतीलच, तिथे लाजायचं नाही. प्रोजेक्टच्या पैशातून बऱ्याचदा लाइटबिलसुद्धा भरता येत नाही, म्हणून अटी नसलेला निधी पण माग.

आणि हो, लाभार्थ्यांची गोष्ट सांगायच्या आधी त्यांना विचार, नाव बदल, जमलं तर त्यांनाच बोलू दे, ते आपल्यापेक्षा भारी बोलतात. बाकीच्या संस्थांच्या सह्या घे, एकट्याचं पत्र फाइलीत जातं. पक्षाच्या प्रचारात मात्र संस्थेचं नाव नको. भेट झाली की दुसऱ्या दिवशी मेल टाक, महिन्याने परत फोन, न चिडता.