मुकुट आणि पिठाच्या पुड्या

प्रश्न: ताई नमस्कार, मी राजारामपुरीत राहते. मुलगी सेकंड इयरला आहे, कॉलेजच्या गॅदरिंगला ब्युटी कॉन्टेस्ट ठेवलीय, तर "मम्मी, मी भाग घेतोय" म्हणत उड्या मारतच घरी आली. माझ्या नणंदेचं म्हणणं, हा बायकांचा अपमान आहे, लंडनला १९७० साली मिस वर्ल्ड चालू असताना बायकांनी पीठ फेकलेलं आणि तू पोरीला पाठवतेस कशी. आता दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, मी मधे. त्या बायका सुंदर मुलींवर जळत होत्या का? मुलीला काय सांगू?

उत्तर: जळत नव्हत्या हो. हे आधी सांगते, कारण हा गैरसमज इतकी वर्षं झाली तरी जात नाही. २० नोव्हेंबर १९७०, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल, टीव्हीवर लाइव्ह कार्यक्रम, एकट्या ब्रिटनमध्येच दोन कोटींवर लोक बघत होते. हॉलिवूडचा विनोदी नट बॉब होप स्टेजवर होता, आणि त्याने हा गुरांचा बाजार आहे असा विनोद करून वर हंबरून पण दाखवलं. ह्या बायका नीट नटूनथटून प्रेक्षकांत ठिकठिकाणी बसलेल्या, एकीने फुटबॉल मॅचला फिरवतात ते करकर वाजणारं खेळणं फिरवलं की सगळ्यांनी उठायचं असं ठरलेलं. ते वाजलं आणि पिठाच्या पुड्या, पत्रकं, धूर सगळं एकदम सुरू झालं, बॉब होप स्टेज सोडून निघाला, थोड्या वेळाने कार्यक्रम परत चालू झाला आणि काही जणींवर पुढे खटला चालला. त्यांची घोषणा होती, आम्ही सुंदर नाही, आम्ही कुरूप नाही, आम्ही चिडलोय. राग आयोजकांवर होता, बाईला छाती-कंबर-नितंबाच्या आकड्यात मोजण्यावर होता, स्पर्धेतल्या मुलींवर नव्हता.

गुरांचा बाजार हा शब्द मला फार लागतो. वडगावच्या बाजारात वडलांबरोबर गेलेय मी, बैल घ्यायचा म्हणजे आधी जबडा उघडून दात बघायचे, मग चार पावलं चालवून बघायचं. आणि मला एकोणिसाव्या वर्षी बघायला आले तेव्हा पोह्यांच्या ताटल्या ठेवून झाल्यावर एक बाई म्हणाल्या, जरा चालून दाखव बाळ. चाललो. मग वेणी सोडायला लावली, केस खरे आहेत का बघायला, मग दाराच्या चौकटीला टेकवून उंची बघितली, आणि आतल्या खोलीत आज्जी पदर तोंडाला लावून बसलेली की रंगावरनं नकार येणार. त्यांचं उत्तर कधी आलंच नाही. ती चौकट अजून आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात आहे. त्यामुळं पीठ फेकणाऱ्या बायकांचा राग मला पुस्तकातनं समजून घ्यावा लागला नाही.

पण नणंदबाईंना पुढचं पण सांगा. त्या रात्री जिंकली कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा ह्या छोट्या देशाची जेनिफर होस्टन, मिस वर्ल्ड झालेली पहिली काळी मुलगी, एअर होस्टेस होती. दुसरी आली पर्ल जॅन्सन. वर्णभेदामुळं दक्षिण आफ्रिकेनं गोरी आणि काळी अशा दोन वेगळ्या मुली पाठवलेल्या आणि पर्लच्या पट्ट्यावर देशाचं नाव उलटं करून 'आफ्रिका साउथ' लिहिलेलं. ह्या दोघींसाठी ते स्टेज म्हणजे काय असेल विचार करा, ज्या जगात गोरेपणाच सौंदर्य होता तिथं त्या पहिल्या दोनात उभ्या राहिल्या. होस्टन पुढं कॅनडात ग्रेनाडाची हाय कमिशनर, म्हणजे राजदूतच, झाली. आपली रीता फारिया १९६६ ला मिस वर्ल्ड झाली तेव्हा मुंबईत मेडिकलला होती, नंतर मॉडेलिंग सोडून डॉक्टरकीच केली तिनं. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, एक निवडा म्हणाल तर निवडता येणार नाही.

अजून एक, १९९६ ला बंगळुरूला मिस वर्ल्ड झाली तेव्हा पण मोठा विरोध झाला, स्विमसूटचा राउंड सेशेल्सला न्यावा लागला, पण तिथं महिला संघटनांबरोबर संस्कृती बुडाली म्हणणारे पण रस्त्यावर होते. आम्हाला मोजू नका म्हणणं वेगळं आणि अंग झाका म्हणणं वेगळं. नणंदबाईंचा राग यातला कुठला ते विचारा, पहिला असेल तर त्यांचं आणि मुलीचं जमेल.

मुलीला अडवू नका. फॉर्म मात्र तिच्याबरोबर बसून वाचा, उंची, वजन, रंग विचारलाय का, जज कोण आहेत, मार्क कशाला किती. काही खटकलं तर तिनंच जाऊन आयोजकांना विचारावं, आणि आत्याला बरोबर न्यावं.

प्रश्न: स्त्रीमुक्तीवाल्यांनी मिस अमेरिकाच्या वेळी ब्रा जाळल्या हे खरं का? (एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर: नाही. ७ सप्टेंबर १९६८, अटलांटिक सिटी. एका कचऱ्याच्या पिंपात ब्रा, उंच टाचांच्या चपला, खोट्या पापण्या, बायकांची मासिकं टाकली, पेटवलं काही नाही. त्या काळात व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात पोरं सैन्यभरतीची कार्डं जाळत होती, तेच पेपरवाल्यांनी जोडून दिलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. खरं घडलं ते कुणी सांगत नाही, समुद्राकाठच्या त्या रस्त्यावर त्यांनी एका जिवंत मेंढीला मुकुट घातला होता.